साष्टी बेटावरील कृष्णगिरीचीं लेणीं आणि भुयाराची दंतकथा

१

उत्तरेस वसईची खाडी, पूर्वेस ठाण्याची खाडी, दक्षिणेस माहीमची खाडी व पश्चिमेस समुद्र अशा चतुःसीमेंतील साष्टी बेटास शिलाहारांच्या लेखांत ‘षट्षष्टि’ असें म्हटलें आहे. सहासष्ट गांवांचा प्रदेश हा त्या नांवाचा अर्थ उघड आहे. इ. स. १८४५ मध्यें माहीमचा सेतू व १८५३ मध्यें मुंबई-ठाणें लोहमार्ग झाल्यापासून या प्रदेशाचें बेटपण नकाशावरच काय तें उरलें. तथापि बेटाच्या मध्यभागीं असलेल्या डोंगराळ रानांत शिरल्यावर जुन्या साष्टीची कल्पना अजूनहि येते. हें रान आज सुमारें १०४ चौरस किलोमीटरांचें राष्ट्रीय उद्यान म्हणून राखलेलें आहे. त्याच्या गाभ्यांत एका ओढ्यानें खोल घळ पाडली असून तिच्या दोन्ही अंगांस, एकावर एक अशा ओळींनीं, शंभरांहून अधिक लेणीं खोदलेलीं आहेत. हींच कान्हेरीचीं लेणीं होत.

या लेण्यांविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे. त्यांतील शिल्पाचें वर्णन पुनः करण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु नाहीं. प्रश्न निराळा आहे. सोळाव्या शतकापासून जे जे परदेशी या घळींत शिरले, त्यांच्यापैकीं कित्येकांच्या लेखनांत या डोंगराच्या पोटांत एक अंत नसलेलें भुयार आहे अशी कथा येते. ही कथा निव्वळ भाकड आहे, कीं तिच्या मुळाशीं कांहीं खरें पाहिलेलें आहे? आणि ज्यांनीं हा डोंगर प्रत्यक्ष कोरविला व वापरला, त्यांनीं स्वतः त्याविषयीं काय लिहून ठेविलें आहे? या दोन साक्षी समोरासमोर ठेवल्या म्हणजे कान्हेरीच्या शोधाचा इतिहास आजवर मांडला जातो त्याहून वेगळा दिसूं लागतो, असें आम्हांस वाटतें.

२

इ. स. १५३४ च्या तहानें गुजराथचा सुलतान बहादूरशहा याजकडून वसई व तिच्याबरोबर साष्टी पोर्तुगीजांच्या ताब्यांत आली. त्यानंतर पांच वर्षांच्या आंतच जोआंव द कास्त्रो यानें किनाऱ्याची पाहणी करितां करितां घारापुरी व साष्टी येथील लेणीं पाहून त्यांची हकीगत लिहिली. १५६३ मध्यें गोव्यास छापलेल्या आपल्या औषधीविषयक संवादग्रंथांत गार्सिया द ओर्ता या वैद्यानेंहि या बाजूच्या लेण्यांचा उल्लेख केला आहे. पुढें आंतोनियो दो पोर्तो या फ्रान्सिस्कन पाद्र्याच्या काळांत कान्हेरीच्या मोठ्या चैत्यगृहांत संत मिखाएलाचें देवालय स्थापन झालें. मंडपेश्वराच्या लेण्याचीहि तीच वाट झाली.

भुयाराची कथा याच पाद्र्याशीं निगडित आहे व ती आपणांस दिओगो दो कोउतो या इतिहासकाराच्या बखरीच्या सातव्या दशकांत मिळते. तिचा आशय असा. या डोंगरांतील मार्ग थेट खंबायतेकडे जातात, अशी लोकांत समजूत होती. तिचा निकाल लावण्याकरितां पोर्तो हा एक सोबती व सुमारें वीस माणसें घेऊन निघाला. बरोबर बंदुका, शिधा व दोर घेतले होते. परत येण्याची वाट चुकूं नये म्हणून दोराचें एक टोंक वाटेच्या आरंभीं बांधून ठेविलें होतें. सात दिवस ही मंडळी चालत राहिली. त्यांना रस्त्यांसारख्या ओळी लागल्या, दोन्ही बाजूंस खडकांत कोरलेलीं घरें लागलीं आणि घरोघर पाण्याचें टांकें लागलें. मात्र हें पाणी कोठून येतें तें त्यांस कळेना. अखेर शिधा संपत आला, शेवट दिसेना, म्हणून मंडळी परतली.

कोउतो हा गोव्याच्या दप्तरखान्याचा अधिकारी होता. कागद पाहण्याची त्यास संवय होती. तथापि ही हकीगत लिहिली गेली ती घटनेनंतर सुमारें अर्धशतकानें. सबब तिच्यांतील प्रत्येक अंग वेगळें करून तपासणें अवश्य आहे.

३

प्रथम भुयाराविषयीं. ज्या प्रदेशांत चुनखडीचा खडक असतो तेथें पाणी खडक विरघळवीत जातें व कोसच्या कोस लांबीच्या नैसर्गिक गुहा तयार होतात. साष्टीचा डोंगर ज्वालामुखीच्या रसाचा व त्यांतील खडकांच्या तुकड्यांचा मिळून झालेला आहे. हा दगड छिनीस वश होतो, परंतु पाण्यांत विरघळत नाहीं. अशा डोंगरांत जी पोकळी आहे ती बहुतेक माणसानें केलेली आहे, आणि माणसानें केलेली पोकळी उजेडापासून फार दूर जात नाहीं. कान्हेरीचें सर्वांत मोठें चैत्यगृहच घ्या. त्याची लांबी सुमारें ८६ फूट व रुंदी सुमारें ४० फूट आहे. बाकीचीं बहुतेक लेणीं म्हणजे एक ओसरी, एक लहानसा मंडप व एकदोन खोल्या. सात दिवसांचा अंधारांतील प्रवास येथें संभवत नाहीं, हें निश्चित.

परंतु एवढ्यावरून सर्व हकीगत टाकून देणें बरोबर होणार नाहीं. ‘रस्त्यांसारख्या ओळी व दोन्ही बाजूंस घरें’ हें वर्णन भुयारास लागू पडत नसलें तरी घळीस तंतोतंत लागू पडतें. ओढ्याच्या पात्रांतून वर चढत गेलें असतां उजव्या व डाव्या हातास लेण्यांच्या रांगा लागतात. खडकांत खोदलेल्या पायऱ्यांनीं एका रांगेतून दुसऱ्या रांगेंत जातां येतें. झाडी दाट असल्यानें मागची वाट पुढच्या वळणावर दिसेनाशी होते. घरोघर टांकें असणें हेंहि अक्षरशः खरें आहे. आमचें अनुमान असें कीं, मूळ हकीगत डोंगराच्या अंगावरील शंभर लेण्यांच्या पाहणीची असावी. पुढें ती तोंडोतोंडीं जातां जातां उघड्या घळीवर छप्पर चढलें आणि डोंगरावरील फिरणें डोंगराच्या पोटांतील फिरणें झालें. सातचा आंकडाहि कथांना आवडणारा आहे.

असा फरक कसा पडतो हें समजण्यास दूर जावयास नको. मराठवाड्यांत औंढा येथें नागनाथाचें यादवकालीन देऊळ आहे. त्याचा गाभारा मंडपाच्या पातळीखालीं असून तेथें अरुंद पायऱ्यांनीं वाकून उतरावें लागतें. वास्तविक अंतर थोडें असतें. परंतु लख्ख उन्हांतून एकाएकीं दिव्याच्या मंद उजेडांत उतरणाऱ्याच्या मनास त्या अंतराचें माप राहत नाहीं. बाहेर येऊन तो जें सांगतो त्यांत पायऱ्या वाढतात. औंढ्याचें देऊळ चिरे रचून बांधलेलें व कान्हेरी खडकांत कोरलेली. परंतु खालीं उतरणाऱ्याचें किंवा आंत शिरणाऱ्याचें मन दोन्ही ठिकाणीं सारखेंच. प्रवाशाचीं मापें अविश्वसनीय ठरलीं तरी त्यानें पाहिलेल्या वस्तु खोट्या ठरत नाहींत, हा नियम अशा साक्षी वाचतांना ध्यानांत ठेवावा.

कोउतोच्या हकीगतींतील खरी मोलाची गोष्ट शेवटीं येते. हें पाणी कोठून येतें? हा प्रश्न योग्य होता. त्याचें उत्तर मात्र पुढील कित्येक पाहुण्यांनीं शोधलें नाहीं.

४

पोर्तुगीजांनंतरच्या पाहणीचा क्रम थोडक्यांत असा. इंग्रज वैद्य फ्रायर १६७५ मध्यें येथें आला. इटालियन प्रवासी जेमेल्ली कारेरी १६९५ मध्यें आला. १७३७ मध्यें साष्टी मराठ्यांनीं घेतली व १७३९ मध्यें चिमाजी आप्पांनीं वसई सर केली. मराठी अंमल चालू असतांच १७६० मध्यें आंकेतिल द्युपेराँ हा फ्रेंच पंडित साष्टींतील लेणीं पाहून गेला. डिसेंबर १७७४ मध्यें इंग्रजांनीं ठाणें घेतलें आणि १७८२ च्या सालबाईच्या तहानें साष्टी त्यांच्याकडे कायम झाली. यानंतर हेन्री सॉल्ट यानें १८०६ च्या सुमारास केलेली पाहणी मुंबईच्या लिटररी सोसायटीच्या १८१९ सालच्या पहिल्या खंडांत प्रसिद्ध झाली.

या सर्वांचें लक्ष दोनच वस्तूंकडे होतें: मोठें चैत्यगृह व त्याच्या ओसरींतील सुमारें तेवीस फूट उंचीच्या दोन उभ्या बुद्धमूर्ति. भिंतींवरील अक्षरें त्यांना दिसत होतीं, परंतु वाचतां येत नव्हतीं. ब्राह्मी लिपीचा उलगडा जेम्स प्रिन्सेपनें १८३७ च्या सुमारास केल्यावर स्थिति पालटली. १८३९ मध्यें जेम्स बर्ड यानें मोठ्या चैत्यगृहाजवळील एक स्तूप उघडला. त्यांत तांब्याचीं दोन पात्रें, रक्षा, रत्नें, सोन्यारुप्याच्या लहान डब्या व त्यांबरोबर ताम्रपट सांपडले. त्यांपैकीं एक त्रैकूटकांच्या संवत् २४५ चा, म्हणजे इ. स. ४९४-९५ चा आहे. सिंधु देशांतील बुद्धरुचि नांवाच्या भिक्षूनें कृष्णगिरीच्या महाविहारांत चैत्य उभारल्याचें त्यांत नमूद आहे.

बर्डनें स्तूप फोडला त्या रीतीचें समर्थन आज कोणी करणार नाहीं. थरांची नोंद नाहीं, मापें अपुरीं. जें एकदां उघडलें तें पुनः तसें उघडतां येत नाहीं. उलटपक्षीं, व्यवसायानें अभियंता असलेल्या ई. डब्ल्यू. वेस्ट यानें कांहींएक न फोडतां लेण्यामागून लेणें धुंडाळून लेखांच्या नकला घेतल्या व त्या १८६१ मध्यें रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकांत छापविल्या. त्याच्या नकलांवर पुढच्या वाचनांचा पाया उभा आहे. पंडित भगवानलाल इंद्रजी व जेम्स बर्जेस यांचें पश्चिम हिंदुस्थानांतील लेण्यांच्या लेखांचें पुस्तक १८८१ मध्यें निघालें. ब्यूलरचीं वाचनें १८८३ मध्यें आलीं. आणि शोभना गोखले यांनीं डेक्कन कॉलेजमार्फत १९९१ मध्यें कान्हेरीच्या समग्र लेखांचा संग्रह प्रसिद्ध केला. एका घळीचीं अक्षरें लागण्यास दीडशें वर्षें लागलीं, असें म्हणावयास हरकत नाहीं.

५

आतां खुद्द डोंगराची साक्ष. लेखांत या स्थळाचें नांव प्राकृतांत ‘कण्हसेल’ व संस्कृतांत ‘कृष्णगिरि’ असें येतें. ‘कान्हेरी’ हें त्याचेंच मराठी रूप. म्हणजे पोर्तुगीज, फ्रेंच व इंग्रज ज्यास हरवलेलें स्थळ समजत होते, त्याचें नांव आसपासच्या गांवकऱ्यांच्या तोंडीं दीड हजारांहून अधिक वर्षें अखंड राहिलें होतें. ‘शोध लागला’ हा शब्द या ठिकाणीं जपून वापरावा, तो याकरितां.

मोठें चैत्यगृह गजसेन व गजमित्र या दोघां व्यापारी बंधूंनीं करविलें. त्या लेखांत सातवाहन राजा गौतमीपुत्र यज्ञ सातकर्णीचें नांव येतें. याच राजाच्या सोळाव्या वर्षाचा आणखी एक लेख आहे. त्यांत कल्याणच्या अपरेणुक नांवाच्या उपासकानें लेणें देऊन त्याच्या खर्चासाठीं दोनशें कार्षापणांची अक्षयनीवि ठेविली व मंगलठाण गांवांतील शेत लावून दिलें, असें नमूद आहे. मंगलठाण म्हणजे बोरिवलीजवळचें मागाठाणें. अक्षयनीवि म्हणजे मुद्दल न मोडतां व्याजावर चालावयाची ठेव. डोंगरांतील वस्तीचा खर्च बेटावरील शेतांतून व कल्याणच्या पेढींतून चालत होता, हें यावरून स्पष्ट होतें.

देणगीदारांत राजे थोडे, कारागीर व वाणी फार. कल्याणचा लोहार, सोपाऱ्याचा मणिकार, नाशिक व चेमूल येथील गृहस्थ, भिक्षुणी आणि गृहस्थांच्या बायका हीं सर्व नांवें येथें आहेत. कल्याणच्या सामिदत नांवाच्या सोनारानें जें दान दिलें तें मूर्तीचें नाहीं, मंडपाचें नाहीं. तें ‘पानियपोढि’चें, म्हणजे पिण्याच्या पाण्याच्या टांक्याचें आहे. दुसऱ्या एका संस्कृत लेखांत वासिष्ठीपुत्र सातकर्णीच्या राणीचा निर्देश असून अमात्य शतेरक यानें ‘पानीयभाजन’ दिल्याचें सांगितलें आहे. ही राणी महाक्षत्रपाची कन्या. सातवाहन व क्षत्रप यांच्या वैराच्या व सोयरिकीच्या इतिहासांत या लेखाचें महत्त्व सर्वमान्य आहे. परंतु तो एका पाण्याच्या टांक्यावर कोरलेला आहे या गोष्टीकडे इतिहासकारांचें लक्ष क्वचित् जातें.

नवव्या शतकांतील लेखांत राष्ट्रकूट अमोघवर्षाचें सार्वभौमत्व व शिलाहार पुल्लशक्ति आणि कपर्दी यांचें मांडलिकत्व दिसतें. शके ७७५ मध्यें गौड देशांतून आलेल्या अविघ्नाकर नांवाच्या उपासकानें भिक्षूंच्या ध्यानासाठीं जागा करवून शंभर द्रम्मांची ठेव ठेविली. पुढें इ. स. १००९ व १०२१ मध्यें आलेल्या पारशी पाहुण्यांनीं आपलीं नांवें पहलवी लिपींत क्रमांक ९० च्या लेण्यांत कोरून ठेविलीं. तीं वेस्टनेंच वाचलीं. तेराव्या शतकांत यादव महादेवानें शिलाहार सोमेश्वराचा समुद्रावर पराभव करून कोंकण घेतलें. औंढ्याचें देऊळ ज्या राजवटीच्या काळांतील, त्याच राजवटीखालीं साष्टीहि गेली. परंतु तोंपर्यंत कृष्णगिरीच्या महाविहाराचा भर ओसरला होता. म्हणजे ही वस्ती जवळजवळ एक सहस्र वर्षें टिकली. ती कशावर टिकली?

६

येथें कोउतोच्या प्रश्नाकडे परत यावें लागतें. साष्टींत वर्षाकाठीं ऐंशी इंचांहून अधिक पाऊस पडतो. पण तो जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच. त्या काळांत घळींतून पाणी गर्जत वाहतें आणि फाल्गुन-चैत्रांत पात्रांत दगड उघडे पडतात. बौद्ध भिक्षूंनीं वर्षावास एका जागीं करावा हा नियम असल्यामुळें पावसाळ्यापुरतें छप्पर मिळालें असतें तर तेवढ्यावर भागलें असतें. परंतु ज्या ठिकाणीं शेकडों माणसें बारा महिने राहतात, तेथें आठ कोरड्या महिन्यांची तरतूद केल्याविना गत्यंतर नाहीं.

कान्हेरीच्या खोदकाऱ्यांनीं केलेली तरतूद आजहि पाहतां येते. लेण्याच्या कपाळपट्टीच्या वर, डोंगराच्या उतारावर, खडकांत अरुंद पन्हळी खोदलेल्या असतात. उतारावरून वाहणारें पाणी त्या अडवितात. यामुळें दोन कामें होतात: दर्शनी भागावर पाण्याचा लोंढा येत नाहीं, आणि तें पाणी वळवून अंगणाच्या कडेस असलेल्या टांक्यांत सोडतां येतें. टांक्याचें तोंड लहान चौकोनी. आंत मात्र पोकळी खडकाखालीं दूरवर पसरलेली. तोंड लहान ठेवल्यानें ऊन आंत जात नाहीं, पाणी आटत नाहीं, पालापाचोळा थोडा पडतो. पोर्तोच्या मंडळीस टांकें दिसलें व पाणी दिसलें. पन्हळ डोक्यावर, गवतांत व मातींत बुजलेली असल्यामुळें दिसली नाहीं. सात दिवस ते खालीं पाहत होते. उत्तर वर होतें.

घळीच्या वरच्या अंगास जुन्या बांधाचेहि अवशेष आहेत. म्हणजे लेण्यागणिक टांकें व सर्वांमिळून ओढ्यावर बांध अशी दुहेरी योजना होती. देणगीलेखांतील ‘लेण’ व ‘पोढि’ हे शब्द इतके वेळां जोडीनें कां येतात, त्याचें कारण यांत आहे. पाण्याविना लेणें अपुरें समजलें जाई. एकोणिसाव्या शतकांत मुंबईची तहान भागविण्यास अभियंत्यांनीं याच डोंगररांगेंत १८६० मध्यें विहार व १८७९ मध्यें तुळशी हे तलाव केले. मोजमाप मोठें झालें. तत्त्व तेंच राहिलें, आणि पाऊसहि तोच.

७

वरील विवेचनाचा निष्कर्ष असा. कोउतोची भुयाराची कथा भूगर्भदृष्ट्या अशक्य आहे, तरीहि ती टाकाऊ नाहीं. तिच्यांत घळीचें व टांक्यांचें यथार्थ दर्शन अडकून राहिलें आहे. परदेशी प्रवाशांनीं डोंगराच्या पोटांत गूढ शोधलें. डोंगर मात्र आपल्या भिंतींवर सोनाराचें, लोहाराचें, भिक्षुणीचें नांव घेऊन उघड बोलत होता. त्या अक्षरांस वाचक मिळाल्यावर गूढाच्या जागीं एक नांदती संस्था दिसूं लागली. तिला जमीन होती, ठेव होती, व्याज होतें आणि पाण्याचा चोख हिशेब होता.

एक काम मात्र तांतडीचें आहे. मूर्तींचें व चैत्यगृहांचें वर्णन पुष्कळ झालें. पन्हळी, टांकीं व बांध यांचा मापांसह नकाशा प्रत्येक लेण्याच्या क्रमांकाशीं व त्यावरील लेखाशीं जोडून तयार झाला पाहिजे. वेस्टचे क्रमांक व पुढें रूढ झालेले क्रमांक निराळे असल्यानें जुनीं वर्णनें जुळवितांना घोटाळा होतो. तोहि अशा नकाशानें मिटेल. टांक्यांत दरसाल गाळ सांचतो, पन्हळींच्या कडा झिजतात, झाडांचीं मुळें खडक फोडतात. मूर्ति तुटली तर तिचें चित्र जुन्या पुस्तकांत सांपडेल. पन्हळ एकदां बुजली कीं तिची नोंद कोठेंच नाहीं. सामिदत सोनारानें ज्या वस्तूचें दान देण्यांत धन्यता मानली, तिची गणना पुरातत्त्वांत दुय्यम राहूं नये, एवढीच संशोधकांस विनंति आहे.